जुने कागद घरी येऊन स्कॅन करून देणारी सेवा: काम झकास, पण मूळ कागदांचं काय?

आधीच सांगते, काम चांगलं आहे आणि पैसे वसूल होतात. ज्यांच्या घरात कुणी लिहिणारं माणूस होऊन गेलंय आणि त्याच्या वह्या माळ्यावर पडून आहेत त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. पण स्कॅन झालं म्हणजे विषय संपला असं समजून मूळ वह्या रद्दीवाल्याला घालणारी घरं मी पाहिलीयत, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे. सेवेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि दोनच मुलं धडपडून हे काम करतात, गोव्यात फोंड्याला कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा, तो बरोबर नंबर देईल.

कागद माझ्या मोठ्या मामांचे. शाळामास्तर होते, आयुष्यभर लिहीत राहिले, कथा मराठीत, कविता बऱ्याचशा कोंकणीत, देवळाच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहिता मराठीत आणि गोवा मुक्तीच्या आधीची थोडी पत्रं पोर्तुगीजमध्ये. पुस्तकं अगदी थोडी निघाली, बाकी सगळं शाळेच्या वह्यांत आणि मिळेल त्या कागदावर. फार मोठं नाव नाही त्यांचं, पण गोव्यात असे पुष्कळ होते आणि त्यांचे कागद एकेका घराबरोबर चाललेत, वाटण्या होतात, जुनं घर पाडून फ्लॅट होतात आणि माळ्यावरचा पेटारा टेंपोत चढतच नाही. यातली नाटकं मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटतात, कारण ती कधी छापलीच जात नाहीत. पूर्ण संहिता एकच, ती प्रॉम्पटरकडे, नटांना फक्त आपापल्या वाक्यांची नक्कल मिळायची, आणि जत्रा झाली की नकला इकडेतिकडे. प्रॉम्पटरची ती वही गेली की नाटक गेलं. मामांच्या वहीत तर कुठल्या वर्षी कोण उभं राहिलं, कुणी आयत्या वेळी दगा दिला, पेटीवर कोण होतं हे सगळं समासात लिहिलंय, आमच्याकडच्या उत्सवी नाटकाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर तो छापील पुस्तकात नाही, असल्या समासांत आहे.

आता सेवेबद्दल. पहिली चांगली गोष्ट म्हणजे यांनी पानं आत ओढणारा स्कॅनर आणला नाही. झेरॉक्सच्या दुकानात असतो तो फीडर जुन्या कागदाला लावला तर एखादं पान रोलरमध्ये जाऊन चिंध्या होऊन बाहेर येतं, आणि ते पान जगात एकच असतं. यांच्याकडे वरून फोटो घेणारा कॅमेरा, खाली इंग्रजी व्ही आकाराचा स्टँड, त्यामुळे वही पूर्ण सपाट उघडायची गरज नाही, शिवण तुटत नाही. दिवे दोन्ही बाजूंनी, काच अगदी हलकी टेकवतात आणि जिथे कागद फारच कुरकुरीत झालाय तिथे काचही नाही. हात धुऊन, कोरडे करून काम करतात. ग्लोव्हज का नाही असं मामेभावाने विचारलं तर त्यातला एक मुलगा म्हणाला, कापडी ग्लोव्हजने बोटांना अंदाज येत नाही आणि पानाची कड फाटते. बरोबरच आहे, मोठमोठ्या लायब्ऱ्याही आता साध्या कागदाला स्वच्छ कोरडे हातच सांगतात, ग्लोव्हज फोटोंसाठी आणि निगेटिव्हसाठी.

दुसरी गोष्ट रंगाची. मामेभाऊ म्हणत होता काळंपांढरं करा, स्वस्त पडेल, वाचता आलं म्हणजे झालं. त्या मुलाने त्याला एक पान दोन्ही प्रकारे करून दाखवलं. रंगीतमध्ये दिसतं की पहिला खर्डा निळ्या शाईत, नंतर पेन्सिलीने केलेला बदल, आणि त्यावर लाल बॉलपेनने परत फिरवलेला, म्हणजे मामा त्या कवितेकडे निदान तीनदा परत आलेत. काळ्यापांढऱ्यात नुसता चिखल. पेन्सिल तर गायबच. ४०० डीपीआयला ए फोर आकाराचं एक रंगीत पान टिफमध्ये साधारण ४६ एमबी होतं, म्हणजे हजार पानांना ४६ जीबी, तेव्हा हार्ड डिस्कचा खर्च आधीच धरा. टिफ ही मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही, आणि रोजच्या वाचायला वेगळी लहान पीडीएफ देतात. दर पानावर आहे, सुटं पान स्वस्त, बांधलेली वही थोडी महाग, फाटकं किंवा चिकटलेलं असेल तर बघून सांगतात. मला रास्त वाटला.

गंजलेल्या टाचण्या आणि यू पिना त्यांनी एका पातळ पट्टीने उचलून काढल्या, ओढल्या नाहीत. सेलोटेप होता तिथे तसाच ठेवला. खेचायला गेलं की शाई टेपबरोबर येते, ते काम कॉन्झर्वेटरचं, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं, आमचं नाही असं सरळ म्हणाले, हे मला फार आवडलं. आणि लॅमिनेशनला साफ नाही. ज्या कुणाच्या घरात आजोबांचं पत्र लॅमिनेट करून भिंतीवर आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, पण पुढे करू नका. ते प्लॅस्टिक गरम करून कागदाला चिकटवलेलं असतं, नंतर काढता येत नाही, आणि कागदातला आम्लपणा आतच राहून कागद आतल्या आत जळत राहतो.

आता तक्रारी. पहिली, पाठकोऱ्या बाजू. मामा वाया गेलेल्या प्रश्नपत्रिकांच्या आणि खात्याच्या सर्क्युलरांच्या पाठीवर लिहायचे. पोरांनी लिहिलेली बाजू स्कॅन केली आणि छापील बाजू सोडून दिली, म्हटलं असू दे, सहामाहीचा गणिताचा पेपर कुणाला हवाय. अरे पण त्या पेपरवर वर्ष छापलेलंय! मामांनी कवितेखाली तारीख घातलेली नाही, ती कविता कधीच्या नंतरची हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे मागचा गणिताचा पेपर. हेच पाकिटांचं, पत्र घेतलं आणि पाकीट बाजूला टाकलं, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा पुरावा आहे, आणि पत्रात नुसतं 'मंगळवार' लिहायची सवय असलेल्या पिढीच्या बाबतीत तर शिक्क्याशिवाय काही कळतच नाही. बोलल्यावर परत येऊन फुकट करून दिलं हे कबूल, पण तुम्ही आधीच सांगा, दोन्ही बाजू, पाकीट, आणि वहीत ठेवलेली चिठ्ठी, बसचं तिकीट, जे असेल ते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. मामांनी गठ्ठे बांधून ठेवले होते, नाडीने, वर चिठ्ठी. पोरांनी कामाच्या सोयीसाठी सगळं मोकळं करून आकाराप्रमाणे लावलं, फुलस्केप एकीकडे, इनलँड एकीकडे. दिसायला छान, पण माणसाने स्वतः कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी ठेवला होता हीच तर माहिती असते. एका कथेचे खर्डे, त्यावर मुंबईच्या संपादकाने पाठवलेलं साभार परत, आणि त्याच कथेचं नंतर केलेलं नाटक हे एकाच गठ्ठ्यात असेल तर गोष्ट कळते, वेगवेगळ्या ढिगांत गेलं की तीन सुटे कागद. अर्काईव्हवाले मूळ क्रम मोडू नका म्हणून जीव तोडून सांगतात ते यासाठी. आमच्या भाचीने गठ्ठे सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढले होते म्हणून परत लावता आलं. फाईलींची नावंही स्कॅन शून्य शून्य एक अशी, ती आम्ही बसून बदलली, गठ्ठा नंबर, वही नंबर, पान नंबर. हे त्यांनीच करून द्यायला हवं, त्याचे जादा पैसे घ्या पण द्या.

हाताने लिहिलेल्या मराठीचं आपोआप टायपिंग करून देतो असं त्यांच्या माहितीपत्रकात आहे. त्यावर पैसे घालवू नका. छापील मजकुराला ठीक चालतं, मामांच्या अक्षराला त्याने जे केलं ते वाचून आमची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, हसण्यात गेली.

पण एक काम मात्र त्यांनी असं केलं की त्यासाठी मी सगळ्या तक्रारी माफ करीन. मामांचं शेवटच्या काही वर्षांचं लिखाण वहीत नाहीच, डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेलं, फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखीच वाचता येईल अशी पद्धत, घरोघर पोचायच्या आधीचा काळ, श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे डीव्ही टीटी सुरेख नि योगेश वगैरे फाँट. आज ती फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. मजकूर आहे पण वाचता येत नाही, कारण त्या फाँटमध्ये प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठला मराठी आकार बसवायचा ते ठरवलेलं. फाँट गेला की किल्ली गेली. या मुलांनी जुन्या डीटीपीवाल्याकडून मूळ फाँट शोधून काढला, मजकूर युनिकोडमध्ये फिरवला, आणि मग छापलेल्या दिवाळी अंकाशी ताडून बघितला, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मूळ फाईलही तशीच ठेवली आणि बरोबर फाँटही ठेवला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं मराठी लिखाण शंभर वर्षांपूर्वीच्या लिखाणापेक्षा लवकर नाहीसं होणार आहे, शाईला निदान डोळे पुरतात. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये सलमान रश्दींचे कागद घेतले तेव्हा त्यांचे जुने मॅक कॉम्प्युटरही घेतले, आणि त्यातल्या एकाचं हुबेहूब रूप नव्या मशीनवर उभं करून २०१० मध्ये वाचकांना बघायला उघडं केलं. आपल्याकडे लेखक गेला की त्याचा कॉम्प्युटर आधी फॉरमॅट करून नातवाला गेमला देतात.

ते खोकीही विकतात. अॅसिड नसलेला पुठ्ठा, झाकण सैल, आत तसलेच फोल्डर. बाहेरून मागवलात तर थोडे स्वस्त मिळतील पण वाहतूक धरून फरक राहत नाही. बुटाच्या खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, न्यूजप्रिंट स्वतःच पिवळा पडतो आणि शेजारच्याला पिवळा करतो. आणि ते घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, ज्यात आपण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो, ते सुक्या मिरच्यांना ठीक, पण कागदात जी ओल आधीच आहे ती आत कोंडून राहते आणि बुरशी धरते. कागदाला हवेतली आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास लागते, ६५-७० च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण, आणि आमच्याकडे जुलैत ती दिवसेंदिवस ९० च्या आसपास असते. चिऱ्याची भिंत पाणी पिऊन बसलेली असते, तिला टेकवलेलं लोखंडी कपाटही आतून घामेजतं. भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून वर, आणि एप्रिल-मे मध्ये सावलीत वारा द्यायचा, उन्हात नाही. कसर आणि वाळवीचं वेगळं सांगायला नको. मामी तर पावसात पेटीला हातच लावू देत नसत, "पयलीं पावस वचूं दी, मागीर पेटी उगड", आणि त्यात पूर्ण शहाणपण होतं.

एवढं सगळं झाल्यावर जाता जाता त्यातला एक मुलगा म्हणाला, ताई, आता हे मूळ कागद कुठे जाणार? आणि खरा वाद तिथून सुरू झाला.

घरी ठेवा हा एक पक्ष. स्मारक करा, मामांची खोली तशीच ठेवा, चष्मा, छत्री, टेबल. मला मान्य नाही. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक झालं ते कोकण मराठी साहित्य परिषदेसारखी संस्था मागे उभी राहिली म्हणून, एका घराला हे दोन पिढ्याही झेपत नाही. कागद बघायला कुणी आलं तर त्याला चहा कोण करणार इथपासून सुरुवात होते, शेवटी "आज घरात कुणी नाही, चवथीनंतर या".

मुंबईला किंवा पुण्याला द्या हा दुसरा पक्ष. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ चं, पुण्यात राजवाड्यांनी काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० चं, तिथे कदर होईल म्हणे. कदर होईल, नाही असं नाही. पण तिथे हे मराठी लेखकाचे कागद होतील आणि गोव्याचे राहणार नाहीत. ज्याला जत्रेतल्या नाटकांवर अभ्यास करायचाय तो मुलगा सावईवेऱ्याचा नाहीतर पेडण्याचा असणार, त्याने दादरला लॉज घेऊन राहायचं का? आणि गोव्याला याचा अनुभव नवा नाही. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये मराठी ओवीत कृष्णकथा लिहायला घेतली, आज पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीला त्याचं नाव आहे, आणि त्याच्या रचनेचं हस्तलिखित आहे पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या लायब्ररीत, तेही रोमी लिपीत उतरवून घेतलेलं. पाद्र्यांनी भाषा शिकायला नक्कल करून घेतली म्हणून ते वाचलं, हे खरंच, उपकारच म्हणा, पण ते वाचायला गोमंतकीयाला पाचशे वर्षांनी पण युरोपात जावं लागतं किंवा त्यांच्या प्रतीवर भागवावं लागतं. इंग्रज पाद्री फादर स्टीफन्सचं मराठी ओवीतलं क्रिस्तपुराण बघा, १६१६ मध्ये रायतूरला छापलं, नंतर १६४९ आणि १६५४ ला परत छापलं, आणि त्या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज कुठे सापडलेली नाही! आपल्यापर्यंत आलं ते भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींवरून, १९०७ मध्ये मंगळुरूला परत छापलं तेव्हा. छापलं म्हणजे राहिलं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

परदेशी युनिव्हर्सिटीला द्या असंही एकजण म्हणाला, तिथे पैसे मिळतात. कादंबरीकार राजा रावांचे कागद टेक्सासला आहेत, खरं आहे, आणि तिथे ते आपल्यापेक्षा चांगल्या हवेत आहेत हेही खरं. पण ते इंग्रजीत लिहिणारे आणि टेक्सासमध्येच प्राध्यापकी केलेले. आमच्या मामांच्या प्रॉम्पटरच्या वहीला तिथे कोण वाचणार. प्रयत्न करायची गरज पडली नाही, कुणी मागायलाच आलेलं नाही!

सरकारी योजनांचं काय, हेही विचारून झालं. छापील पुस्तकाला १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि आणखी तीन ठिकाणी प्रत पाठवायची. हस्तलिखिताला असं काही नाही. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित मिशन निघालं, पण त्यांच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षं जुनं. म्हणजे १९७० ची वही पोथी म्हणायला लहान आणि सरकारी दप्तर म्हणायला खाजगी. पणजीचं पुराभिलेखागार तर १५९५ पासूनचं, आशियातल्या जुन्यातलं, पण त्याचा मूळ जीव राज्यकारभाराच्या दप्तरांत. विसाव्या शतकातला लेखक बरोबर या फटीत पडतो. त्यातही मुक्तीआधीचं लिखाण म्हणजे वेगळंच प्रकरण, तेव्हा छपाईला सेन्सॉर होता, त्यामुळे छापलेलं एक आणि वहीतलं दुसरं, आणि खरं ते वहीतलं.

आता गोव्यातली संस्था. इथे जे झालं ते लिहिते, नाव घेत नाही. एका ठिकाणी गेलो, माणसं सज्जन, चहा दिला, कागद बघितले आणि म्हणाले मराठीतलं तेवढं आम्ही ठेवून घेतो, कोंकणीचं तुम्ही दुसरीकडे बघा. दुसरीकडे गेलो तर तिथे नेमकं उलटं. आता मामांच्या एका वहीत डाव्या पानावर मराठी कविता आणि उजव्या पानावर तीच कोंकणीत, वही मधोमध फाडायची का? बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिलं, लक्ष्मणराव सरदेसायांनी तर मराठी, कोंकणी, पोर्तुगीज तिन्हीत लिहिलं, अशा माणसांचे कागद भाषेप्रमाणे वाटले तर माणूसच वाटला जातो. कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा, त्यावरची आंदोलनं, घराघरात झालेली भांडणं हे सगळं मी पाहिलंय, माझी मतं पण आहेत, पण ती मामांच्या ट्रंकेवर लादायची नाहीत एवढं आम्ही भावंडांनी ठरवलं. त्यामुळे आमची अट एकच, सगळं एकत्र राहील, गोव्यात राहील, आणि जो कुणी ओळखपत्र घेऊन येईल त्याला टेबलावर बसून वाचता येईल. हे करू शकणारी जागा म्हणजे सार्वजनिक लायब्ररी किंवा युनिव्हर्सिटी, भाषेची संस्था नव्हे. पणजीची सेंट्रल लायब्ररी १८३२ ची, तिचा गोव्यासंबंधीचा संग्रह आहे, वाचायला जागा आहे, बस स्टँडवरून चालत जाता येतं, हे शेवटचं अभ्यासक सोडून कुणाला महत्त्वाचं वाटत नाही. गोवा युनिव्हर्सिटीत इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह त्यांच्या नावाने एकत्र ठेवलेला आहे, म्हणजे माणसाप्रमाणे संग्रह ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. आमचा अर्ज गेलाय, बघू.

देताना काय बघायचं ते या स्कॅनवाल्या मुलांनीच आम्हाला एका कागदावर लिहून दिलं, आणि ही खरं तर त्यांच्या पॅकेजमधली सगळ्यात उपयोगी वस्तू. नुसतं 'भेट दिली' म्हणून सोडायचं नाही, यादी करायची, दोन्हीकडच्या सह्या, संग्रह फोडणार नाही, डुप्लिकेट समजून काही टाकायचं असेल तर आधी आम्हाला विचारतील, आणि खाजगी पत्रं कधीपासून उघडी करायची त्याचं वर्ष. पत्रांच्या बाबतीत कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराईट लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांकडे, म्हणजे मामांना आलेली पत्रं आपण लायब्ररीला देऊ शकतो पण पुस्तक करून छापू शकत नाही, ज्याने लिहिलं त्याच्या घरच्यांना विचारावं लागतं. आणि गोव्यातला वारसा कायदा लक्षात घ्या, इथे मुलांचा हिस्सा ठरलेला, त्यामुळे एका भावाने परस्पर ट्रंक उचलून देऊन टाकली असं चालत नाही, सगळ्यांच्या सह्या. आमच्याकडे एक भाऊ कॅनडात, त्याची सही यायला स्कॅनिंगपेक्षा जास्त वेळ लागला.

डिजिटल प्रतींचं सांगायचं राहिलं. ते सगळं एका पेन ड्राईव्हवर देतात आणि छान डबीत घालून देतात, लग्नाच्या अल्बमसारखं. पेन ड्राईव्हवर भरवसा ठेवू नका. आम्ही दोन हार्ड डिस्क केल्या, एक फोंड्याला, एक भाचीकडे बंगळुरूला, आणि तिसरी प्रत क्लाऊडवर. सगळं एकाच छपराखाली नको, मग ते छप्पर कितीही मोठं असो, लिस्बनला १७५५ च्या भूकंपात कासा द इंडियाचं, म्हणजे पूर्वेकडचा व्यापार बघणाऱ्या पोर्तुगीज सरकारी कचेरीचं, दप्तर गेलं, ते काय कमी बंदोबस्तात होतं? वर्षातून एकदा डिस्क उघडून फाईली उघडतायत का बघायचं, हे काम चवथीला सगळे जमतात तेव्हाच होतं.

एकूण स्कॅनिंगला पाचपैकी साडेचार, क्रम मोडला त्याबद्दल एक वजा, जुन्या फाँटच्या कामाला पूर्ण पाच. फेब्रुवारी ते मे मध्येच बोलवा, पावसात ते स्वतःच येत नाहीत आणि तेच बरोबर आहे. बुकिंगच्या आधी फोनवर तीन गोष्टी कबूल करून घ्या, गठ्ठे सोडायच्या आधी फोटो, दोन्ही बाजू आणि पाकिटं, फाईलींना नीट नावं. दुपारचं जेवण घरीच जेवतात, मासे चालतात, सोमवारी विचारा.